झाडाला तंतुकणिका कशाला लागतात?

प्रश्न एका ताईंचा आहे, डोंबिवलीहून. त्यांची मुलगी दहावीला आहे. पुस्तकात तिनं वाचलं की हरितलवकात, म्हणजे पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणांत, सूर्यप्रकाशाच्या मदतीनं एटीपी (पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार होतं. पुढच्या धड्यात वाचलं की तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे आणि ती वनस्पतीपेशीतही असते. मुलगी विचारते, "झाडाला उन्हातून फुकट ऊर्जा मिळते, मग त्याला श्वसन करायची गरजच काय?" ताईंनी त्याला आणखी एक जोडलंय: सासूबाई रात्री बेडरूममध्ये कुंड्या ठेवू देत नाहीत, त्यात तथ्य आहे का? आणि शेवटी, एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात की ३२, कारण क्लासच्या सरांचा आकडा वेगळा आहे.

मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला दरवर्षी भेटतो, पण बहुतेक वेळा मनातच राहिलेला. मुलं तो विचारत नाहीत, चुकीचं उत्तर पाठ करून मोकळी होतात. ताई, तुमच्या मुलीनं तो विचारला याचा मला फार आनंद झाला.

गोंधळाचं मूळ एका वाक्यात आहे. "वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात आणि प्राणी श्वसन करतात." पाचवी-सहावीत कधीतरी हे वाक्य मुलांच्या डोक्यात शिरतं. बाण काढलेलं चित्र असतं, एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला गाय, मध्ये ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण. त्या चित्रामुळे मुलांना वाटतं की कामाची वाटणी झालेली आहे, एकानं हे करायचं, दुसऱ्यानं ते. प्रत्यक्षात श्वसन दोघंही करतात, चोवीस तास, प्रत्येक जिवंत पेशीत. अन्न स्वतः तयार करणं एवढंच झाडाकडे जास्तीचं आहे, आणि तेही फक्त हिरव्या भागात, फक्त उजेडात.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी वर्गात मटकी आणते. मोड आलेली मटकी आपल्या सगळ्यांच्या घरात असते. फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवलेली पुरचुंडी सकाळी सोडताना आत हात घातला आहे का कधी? ऊब लागते. तिथे पान नाही, हिरवा रंग नाही, उजेड नाही. तरी मोड वाढतो आहे, म्हणजे कुठून तरी ऊर्जा येते आहे. ती दाण्यात साठलेल्या स्टार्चमधून येते. दाणा ऑक्सिजन घेऊन स्टार्चपासून झालेली साखर मोडतो, थोडी ऊर्जा एटीपीत पकडतो आणि उरलेली उष्णता म्हणून निसटते. तीच तुमच्या हाताला लागते. कोकणातून पेट्या आल्यावर घरी गवतात आंब्याची अढी घालतात, तीही अशीच आतून गरम होते. फळ झाडावरून उतरवलं तरी त्याच्या पेशी जिवंत असतात आणि श्वसन करत असतात.

वर्गात आम्ही दोन थर्मास घेतो. एकात मोड येऊ लागलेली मटकी, दुसऱ्यात उकडून थंड केलेली, दोन्हींच्या तोंडाशी कापूस आणि त्यातून आत सोडलेला थर्मामीटर. पहिल्याचं तापमान दुसऱ्या दिवसापर्यंत पाच-सहा अंशांनी तरी चढतं. पहिल्यांदा हा प्रयोग लावला तेव्हा माझी चांगलीच पंचाईत झाली. तिसऱ्या दिवशी उकडलेल्या मटकीचा थर्माससुद्धा गरम झाला होता. मुलं माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं झाकण काढून वास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, ही तर नासली आहे." बरोबर होतं तिचं. मटकी मेली होती, पण तिच्यावर वाढणारे जिवाणू आणि बुरशी जिवंत होते, आणि त्यांचंही श्वसन चालू होतं. तेव्हापासून दोन्ही मटक्या आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्यातून काढते आणि दोन दिवसांच्या आत निरीक्षण संपवते. पण त्या फसलेल्या प्रयोगानं श्वसनाबद्दल जे शिकवलं ते माझ्या तासानं शिकवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मुलांना आणखी चकित करते. मोड आलेली मटकी कोरड्या मटकीपेक्षा फुगलेली, भरपूर दिसते. ती ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून वजन केलं तर मूळ दाण्यांपेक्षा कमी भरतं. जे कमी झालं ते कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेलं. शेजारी चुन्याची निवळी ठेवली तर ती दुधाळ होते, म्हणजे हिशेब तिथेही जुळतो.

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येते. दाण्याला पान नाही म्हणून त्याला श्वसन लागतं, हे मान्य. पण मोठ्या झाडाचं काय? पानात उन्हातून एटीपी तयार होतंच, मग तेच सगळ्या झाडाला का वाटत नाही?

त्यासाठी एटीपी काय आहे हे नीट समजायला हवं. माझ्या पिढीतल्या मुंबईकरांना आरे दूध केंद्रावरच्या काचेच्या बाटल्या आठवतील. रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. घरात बाटल्या दोन-चारच असायच्या, पण वर्षभराचं दूध त्यांतूनच यायचं. एटीपीचं तसं आहे. भरलेली बाटली म्हणजे एटीपी, रिकामी म्हणजे एडीपी. एक फॉस्फेट सुटला की पेशीचं काम होतं, तो परत जोडला की बाटली पुन्हा भरते. माणसाच्या सगळ्या शरीरात एका वेळी असलेलं एटीपी पाव किलोच्या आतच भरेल, पण दिवसभरात आपण साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी तयार करतो आणि वापरतो. म्हणजे एकेक रेणू दिवसात शेकडो वेळा भरतो आणि रिकामा होतो. साठवून ठेवायची ही वस्तूच नव्हे. पेशीत तयार होतं, तिथेच काही क्षणांत खर्च होतं. एका पेशीतलं एटीपी उचलून दूरच्या पेशीला पाठवायची सोय झाडातही नाही आणि आपल्यातही नाही.

मग ग्लुकोजच थेट का वापरत नाहीत, असं हुशार मुलं विचारतात. कारण ती नोट फार मोठी आहे. एक मोल ग्लुकोज, म्हणजे १८० ग्रॅम, पूर्ण जळलं तर सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा सुटते. एक मोल एटीपीतून सुमारे ७.३. नव्वदपटीहून जास्त फरक आहे. पेशीतली एकेक कामं, एक क्षार पेशीच्या पातळ आवरणातून, म्हणजे पटलातून आत ओढणं, प्रथिनाच्या साखळीत एक दुवा जोडणं, ही सुट्ट्या पैशांची कामं आहेत. तिथे मोठी नोट मोडली तर उरलेलं सगळं उष्णतेत जाईल आणि पेशी भाजून निघेल.

पानातल्या हरितलवकात उन्हामुळे जे एटीपी होतं ते बहुतांश तिथल्या तिथे साखर बनवण्यात संपतं. एका ग्लुकोजइतकी साखर बनवायला १८ एटीपी लागतात, आणि हरितलवक ते स्वतःच्या गिरणीतलंच वापरतं. पानाबाहेर जाते ती साखर, सुक्रोजच्या रूपात, रसवाहिन्यांतून. ती मुळांना, खोडाला, कळीला, फळाला पोचते. पोचल्यावर प्रत्येक पेशीला ती स्वतः मोडून स्वतःचं एटीपी करावं लागतं. ते काम तंतुकणिकेचं. मूळ मातीत अंधारात आहे, त्याला ऊन कधीच दिसणार नाही, आणि तरी मातीतले क्षार आत ओढण्यासाठी त्याला सतत एटीपी हवं. रात्री तर पानसुद्धा त्याच अवस्थेत असतं. आणि भर दुपारीही पानातल्या तंतुकणिका बंद नसतात. हरितलवकाबाहेर जी पेशी आहे तिला एटीपी पुरवणं आणि अमिनो आम्लांसाठी कच्चा माल तयार करणं हे त्यांचं काम दिवसाही चालू राहतं.

हे सगळं मला ऐरोलीच्या खाडीकाठी जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुस्तकात दिसत नाही. मुलांना आम्ही तिथल्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात नेतो. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या झाडांभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं वर डोकावताना दिसतात. ही श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिवरानं मुळांच्या फांद्या उलट्या, हवेच्या दिशेनं पाठवल्या. त्यांवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि खालच्या मुळांपर्यंत पोचते. भरती आली की ती पाण्याखाली जातात, ओहोटीला पुन्हा श्वास घेतात. तिवराच्या पानांना उन्हाची काही कमी नाही. तरी मुळांना ऑक्सिजन मिळवण्यासाठी झाडानं एवढा खटाटोप केला आहे. श्वसन नको असतं तर हे कशाला?

आणि म्हणूनच कांदळवनात डेब्रिजचा भराव पडतो तेव्हा माझ्या पोटात कालवतं. कोणी कुऱ्हाड चालवलेली नसते. फांद्या तशाच, पानं तशीच, ऊन तेवढंच. फक्त ती पेन्सिलीएवढी मुळं मातीखाली गाडली जातात. मग मुळं गुदमरतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या बुंध्याशी काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसवतात तेव्हाही हेच होतं, फक्त सावकाश. घरच्या कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतून तुळस मारणारी माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. प्रेमानं घातलेलं ते पाणी मातीतली हवा हाकलून लावतं. पानं पिवळी पडली की पाणी कमी पडलं असं वाटतं आणि आणखी घातलं जातं.

आता यंत्राबद्दल थोडं. मला ते सगळ्यात सुंदर वाटतं आणि शाळेत ते घाईत उरकलं जातं. हरितलवक आणि तंतुकणिका यांत एटीपी भरायची पद्धत एकच आहे. १९१५ साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या उंचीवर तलावांत साठवलेलं पाणी नळांतून घाटाखाली सोडायचं, त्यावर चक्र फिरवायचं आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. पेशीत पाण्याच्या जागी हायड्रोजनचे प्रभारित कण, म्हणजे प्रोटॉन असतात. पटलाच्या एका बाजूला त्यांची गर्दी केली जाते आणि दुसऱ्या बाजूला परत यायला एकच वाट ठेवलेली असते, एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून. प्रोटॉन त्यातून जाताना ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं आणि एका फेऱ्यात तीन एटीपी तयार होतात. मग फरक कुठे? पाणी वर चढवतं कोण, यात. हरितलवकात ते काम प्रकाशानं उसळलेले इलेक्ट्रॉन करतात, तंतुकणिकेत अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन. खालचं चक्र तेच. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जाणकारांना ती पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळालं.

ऑक्सिजन इथे कुठे येतो, हे मुलीनं नीट बघावं. बहुतेकांना वाटतं की ऑक्सिजन म्हणजेच ऊर्जा. तंतुकणिकेत इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणारी प्रथिनांची साखळी असते, ऑक्सिजन तिच्या शेवटी उभा असतो आणि थकलेले इलेक्ट्रॉन उचलून त्यांचं पाणी करतो. त्यानं उचलले नाहीत तर मागची सगळी रांग तुंबते, प्रोटॉन चढत नाहीत आणि चक्र थांबतं. सायनाइडनं माणूस मिनिटांत मरतो त्याचं कारण हेच. रक्तात ऑक्सिजन असतो, पण शेवटच्या टप्प्यावरचं विकर (एन्झाइम) अडल्यामुळे पेशीला तो वापरता येत नाही.

ऑक्सिजन नसला तर साखर मोडण्याचा फक्त पहिला टप्पा, ग्लायकोलायसिस चालतो आणि एका ग्लुकोजमागे २ एटीपी हाती लागतात. मटकी दोन दिवस पाण्यातच बुडवून ठेवली तर मोड येत नाही आणि आंबूस वास येतो, तो याच उपासमारीचा. आपल्या स्नायूंतही हे होतं. दादरला पुलावरून धावत उतरून फास्ट लोकल पकडली तर पहिल्या काही सेकंदांत क्रिएटिन फॉस्फेटचा छोटा साठा कामाला येतो, मग ऑक्सिजन पुरेसा पोचेपर्यंत ग्लायकोलायसिस किल्ला लढवतं आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. गाडीत चढल्यावर आपण धापा टाकतो ते हे कर्ज फेडण्यासाठी. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचं खापर मात्र लॅक्टिक आम्लावर फोडू नये. ते तासाभरात निपटलेलं असतं, दुखतात ते स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

थोडक्यात, उन्हाची ऊर्जा साखरेत बांधणं हे एक काम, साखर सोडवून एटीपी भरणं हे दुसरं. पहिलं काही मोजक्यांना जमतं. दुसरं झाडाला, गायीला, आपल्याला, सगळ्यांना करावंच लागतं.

सासूबाईंच्या कुंड्यांबद्दल. त्यांच्या बोलण्याला आधार आहे, आणि तो जुना आहे. यान इंगेनहाऊझ नावाच्या डच वैद्यानं १७७९ मध्ये शेकडो प्रयोग करून दाखवलं की फक्त हिरवे भाग आणि फक्त उजेडातच हवा शुद्ध करतात, रात्री झाड हवा थोडी दूषितच करतं. दिशा सासूबाईंची बरोबर आहे, प्रश्न प्रमाणाचा आहे. एक प्रौढ माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. चार-पाच कुंड्यांतल्या रोपांचं रात्रीचं श्वसन त्यापुढे नगण्य आहे. खोलीत आणखी एक माणूस झोपतो तेव्हा आपण घाबरत नाही. खोली अगदी बंद असेल, एसी लावून खिडक्या मिटलेल्या असतील, तर हवा जड होते ती माणसांमुळे, आणि त्यावर उपाय खिडकी किलकिली ठेवणं. पिंपळ किंवा स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतो असे जे संदेश फिरतात, तेही खरे नाहीत. स्नेक प्लांटसारखी काही झाडं रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवतात, एवढं खरं. पण ऑक्सिजन पाणी फुटून येतो, आणि त्याला उजेड लागतोच.

बेडरूमच्या कुंडीची मला वेगळी काळजी वाटते, रोपाच्या बाजूनं. प्रकाश इतका कमी असू शकतो की दिवसा बनलेली साखर आणि श्वसनात गेलेली साखर जेमतेम बरोबरीत येतात. समोर दुसरी इमारत असलेल्या आपल्या फ्लॅटांत हे फार होतं. मग रोप मरत नाही, पण वाढतही नाही, आणि एक दिवस साठा संपतो. तुमच्या घरात किती उजेड येतो त्यावर हे अवलंबून आहे, म्हणून चार दिवस खोलीत आणि चार दिवस खिडकीच्या ग्रिलमध्ये अशी पाळी लावून बघा.

शेवटी ३८ आणि ३२. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ३८ आहे. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन साखळीपर्यंत वाहून नेणाऱ्या रेणूला एनएडीएच म्हणतात. जुन्या हिशेबात प्रत्येक एनएडीएचमागे पूर्ण ३ एटीपी धरले होते. नंतरच्या मोजमापांत तो आकडा अडीचच्या आसपास आला, कारण काही प्रोटॉन फॉस्फेट आत आणण्यात आणि एटीपी बाहेर पाठवण्यात खर्च होतात. म्हणून आता ३० ते ३२ मानतात. स्नायू आणि यकृत यांतही थोडा फरक पडतो. क्लासच्या सरांचं चुकलेलं नाही आणि पुस्तकही खोटं बोलत नाही. बोर्डाच्या पेपरात मुलीनं पुस्तकातलाच आकडा लिहावा, आणि अकरावीत कोणी ३२ म्हटलं तर दचकू नये.

थर्मासचा प्रयोग घरी करायचा असेल तर मटकी आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या, थर्मास अर्धाच भरा आणि तोंडाला बूच न लावता सैल कापूस लावा, नाहीतर ऑक्सिजन संपून मोड थांबेल. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३५ अंशांच्या खाली काही दाखवत नाही. स्टेशनजवळच्या शालेय साहित्याच्या दुकानात प्रयोगशाळेचा साधा थर्मामीटर मिळतो. सकाळ-संध्याकाळ आकडा मुलीलाच लिहू द्या.